जळालेल्या बाजूला

लोहा तालुक्यात वनरक्षक असलेल्या गीतांजली बिरादारला आगकाडी ओढता येत नाही, हे तिच्या खात्यात बरीच वर्षं कुणालाच ठाऊक नव्हतं. घरी मात्र ठाऊक होतं. तिचा नवरा दयानंद सकाळी शाळेवर शिकवायला जायच्या आधी गॅस पेटवून चहा करायचा. बाकीचा स्वयंपाक ती विजेच्या शेगडीवर उरकायची. देवापुढचा दिवा लावायचं कामही त्याच्याकडेच. पाहुणे आले आणि लाईट गेली की ती काहीतरी कारण काढून मागच्या दारी जायची, आणि दयानंद पाहुण्यांशी बोलत बोलत गॅसपाशी यायचा.

तिचं माहेर किल्लारीकडचं. ती शाळेत होती तेव्हा तिच्या चुलत्यानं तोडणी झालेल्या उसाचं पाचट पेटवलं होतं. दरसाल पेटवायचा तसंच. त्या दिवशी मात्र वारं फिरलं. जाळ बांध ओलांडून आखाड्याकडे, शेतातल्या गोठ्याकडे आला. आखाड्यात बैल बांधलेले होते. चुलती गुणाबाई बैल सोडायला आत गेली. गीतांजली बांधाच्या पलीकडे वासराचं दावं धरून उभी होती. तिनं बैल बाहेर आलेले पाहिले, त्यांच्या मागं काकी बाहेर आलेली पाहिली, आणि मग काकी शेजाऱ्याच्या उभ्या उसात पळत शिरलेली पाहिली. उसानं पेट घेतला. माणसांनी पलीकडून शिरून काकीला ओढून काढलं. ती वाचली. मानेची कातडी आखडली आणि तिची मान कायमची एका बाजूला कलली.

वनखात्यात गीतांजली काही जंगलाच्या ओढीनं आली नव्हती. पोलीस भरती, तलाठी, ग्रामसेवक असे सगळे अर्ज तिनं भरले होते. लातूरला खोली करून अभ्यास केला, पहाटे मैदानावर धावली, आणि निवड झाली ती वनरक्षक म्हणून. लोह्याकडे जंगल ते कितीसं? टेकड्या, त्यांवर कमरेएवढं कुसळी गवत, मधूनमधून हिवर आणि पळस, आणि खात्यानं लावलेली रोपं. उन्हाळ्यात वणवा लागायचा. ती इतरांबरोबर जायची, पण नेहमी टँकरजवळ, नेहमी मागं. बाईमाणूस म्हणून कुणी काही म्हणायचं नाही. ते तिच्या पथ्यावर पडायचं आणि तिला त्याची लाजही वाटायची.

मग एका उन्हाळ्यात वणवा टेकडीवरून खाली शिवारात उतरला. दरवर्षी हिवाळ्यात टेकडीच्या पायथ्याशी गवताचा एक पट्टा मुद्दाम जाळून ठेवतात. त्याला जाळरेषा म्हणतात. वणवा तिथवर आला की त्याला खायला गवत उरत नाही आणि तो थांबतो. त्या वर्षी तो पट्टा अरुंद जाळला होता. कसा जाळायचा हे नीट कुणालाच येत नव्हतं, म्हणून घाईघाईत काड्या टाकून मोकळे झाले होते. वणव्यानं तो एका उडीत ओलांडला. खालचे कडबे गेले आणि एका म्हाताऱ्याच्या दोन म्हशी गेल्या.

त्यानंतर वरून आदेश आला. यापुढं जाळरेषेला काडी लावायची ती शिकलेल्या माणसाच्या हुकमानंच. त्यासाठी प्रशिक्षण, त्यानंतर प्रत्यक्ष परीक्षा, आणि मग प्रमाणपत्र. प्रत्येक ठिकाणाहून एक नाव मागितलं होतं. बैठकीत एकाची कंबर धरली, एकाच्या घरी लग्न निघालं, एकाची बदली व्हायची होती. गीतांजलीला कारण सुचलं नाही.

"मॅडम, तुमचं नाव देतो," साहेब म्हणाले.

"बरं, सर," ती म्हणाली. घरी येऊन तिनं दयानंदला सांगितलं.

दयानंद म्हणाला, "सांगून टाक की. भ्या वाटतंय म्हणून सांग."

"वनखात्यात राहून आगीचं भ्या सांगू? कुणापुढं सांगू?"

"मग काय करतीस?"

"जाते. परीक्षेत नापास व्हईन. मग दुसरं कुणाचं तरी नाव देतील."

प्रशिक्षण उदगीरजवळच्या एका माळावर होतं. शिकवायला विरूपाक्ष सर होते. बीदरकडचे, वनखात्यातून निवृत्त झालेले. त्यांची मराठी कानडी वळणाची होती आणि प्रशिक्षणाला आलेल्या पोरींना ते 'अव्वा', म्हणजे आई, म्हणायचे. पहिले काही दिवस त्यांनी काडीपेटी काढलीच नाही. गवत मुठीत चुरगाळायला लावलं. भुगा झाला तर किती वाळलं, मऊ लागलं तर ओल किती, हे बोटांनी ओळखायला शिकवलं. हातात धरायच्या छोट्या यंत्रावर वारा मोजायला शिकवलं. जाळ चढावर धावतो आणि उतारावर रांगतो, म्हणून सुरुवात कुठून करायची ते जमिनीवर काटकीनं आखून दाखवलं. वारा जिकडं जातो त्या टोकाला आधी लावायचं, म्हणजे जाळाला वाऱ्याच्या उलट सरकावं लागतं आणि तो हळू चालतो.

"नोड, अव्वा, बघ," ते म्हणायचे. "जाळ अंगावर आला तर पळायचं कुठं?"

"लांब, सर."

"लांब नाही. काळ्यात. जळून गेलंय तिथं. तिथं गवत नाही, तिथं जाळ परत येत नाही. माणसं उलटी पळतात. काळं बघून भितात."

गीतांजली जागेवरच थिजली. तिच्या डोळ्यांसमोर काकीचा पदर उसात शिरताना दिसला. तिच्यामागं शेताचा केवढा तुकडा आधीच जळून गेलेला होता. तिनं तोंडावर रुमाल धरला. शेजारच्या पोरीला वाटलं, हिला धूळ लागली.

मशाल हातात घ्यायची पाळी आली तेव्हा तिची बोटं कड्याभोवती वळेनात. मशाल म्हणजे तेलाचा लोखंडी डबा, त्याला वाकडी नळी, आणि नळीच्या तोंडातून थेंबथेंब पेटतं तेल गवतावर पडतं. पहिला थेंब तिच्या बुटाच्या पुढ्यात पडला. कुसळी तडतडली. त्या तडतडण्यात तिला बैलांचं हंबरणं ऐकू आलं, अगदी साफ. तिनं चार पावलं टाकली, मशाल खाली ठेवली आणि मागं आली.

विरूपाक्ष सर जवळ आले. "किती भितेस?"

"लई, सर."

"बरं," ते म्हणाले आणि पुढच्या पोरीकडं गेले. ते एवढंच का बोलले हे तिला कळलं नाही. पण घरी पाठवलं नाही, म्हणून ती दुसऱ्या दिवशीही गेली. त्याच्या पुढच्या दिवशीही.

पहिली परीक्षा लोह्याजवळच्याच एका टेकडीवर झाली. नांदेडहून परीक्षक आले होते, कमी बोलणारे, डोक्यावर टोपी. विरूपाक्ष सरही बघायला आले होते. हुकूम गीतांजलीचा. मजूर तयार होते, टँकर उभा होता, वारा बेतात होता. तिनं कोपऱ्यात आधी थोडंसं गवत पेटवून बघायला सांगितलं, तशी रीतच असते. ते पेटलं आणि एक लोळ तिच्या अपेक्षेपेक्षा उंच उठला.

"विझवा," ती म्हणाली. "आज न्हाई. बंद करा."

परीक्षकांनी यंत्र बघितलं, धुराकडं बघितलं आणि कागदावर काही लिहिलं. मजूर एकमेकांकडं बघत राहिले. ती नापास झाली. तिला हेच तर हवं होतं. पण जीपपाशी विरूपाक्ष सरांनी गाठलं तेव्हा ती त्यांच्याकडं बघू शकली नाही.

"वारा बघून थांबलीस, का जाळ बघून?"

"माहीत न्हाई, सर. खरंच माहीत न्हाई."

"हे वाईट आहे, अव्वा. भिणं वाईट नाही. पण माहीत नसणं वाईट. एक दिवस थांबायला पाहिजे तेव्हा तुला वाटेल, मी उगीच भिऊन राहिलेय. आणि तू थांबणार नाहीस." ते जरा थांबले. "आधीच मोठ्यानं सांगत जा. सगळ्यांच्या देखत. वारा एवढा झाला तर बंद. ऊन तिथवर चढलं तर बंद. मग त्या वेळी विचार करायचं काम राहत नाही."

साहेबांनी दुसरं नाव दिलं नाही. दुसरं कुणी तयारच नव्हतं. महिनाभरानं परत परीक्षा लागली.

त्या दिवशी टँकरचं चाक पंक्चर झालं आणि सगळ्याला उशीर झाला. गीतांजलीनं माणसं गोळा केली. तिनं मोठ्यानं सांगितलं की वारा यंत्रावर अमुक आकड्याच्या वर गेला तर बंद, आणि ऊन समोरच्या पळसाच्या बुडाला आलं की बंद. कारण ऊन चढलं की चढावरची जमीन तापते आणि वारा खालून वर ओढला जातो. लांब शिट्टी वाजली की सगळ्यांनी काळ्यात यायचं. प्रत्येकाचा सदरा सुती आहे का तेही तिनं बघितलं. नायलॉनचं कापड जाळात वितळून अंगाला चिकटतं.

वरच्या कडेला, जंगलाच्या बाजूनं, ग्यानोबा उभा होता. पन्नाशीचा रोजंदार मजूर, कितीतरी वणवे विझवलेला. हातात जाळ झोडपायला ओल्या डहाळ्यांचा झाडा.

पेटवलं. जाळ सांगितल्यासारखा चालत होता, वाऱ्याच्या उलट, रांगत. मागं काळा पट्टा रुंद होत होता. अर्धं झालं. परीक्षक मागं उभे होते. पळसाच्या बुडाशी ऊन आलं होतं का? तिनं बघितलं. जवळजवळ आलं होतं. अजून अर्धा पट्टा उरला होता. आत्ता थांबले तर म्हणतील, परत भ्याली. मजूर परत एकमेकांकडं बघतील. ऊन बुडाला लागलं तरी तिनं बंद म्हटलं नाही.

धूर आधी सरळ उभा राहिला. मग तो झुकला, टेकडीच्या दिशेनं. रांगणारा जाळ उठून उभा राहिला आणि चढावर धावत सुटला. त्यातून पेटलेल्या कुसळीचा एक झुपका उडाला आणि वरच्या कडेच्या पलीकडं, ग्यानोबाच्या पाठीमागं पडला. तिथं गवत कमरेएवढं होतं.

तिनं शिट्टी फुंकली. खालची माणसं काळ्यात आली. ग्यानोबानं वळून बघितलं. पुढं जाळ, मागं जाळ. त्यानं झाडा टाकला आणि टेकडीकडं, उभ्या गवतात धावला.

"ग्यानोबा! इकडं! काळ्यात या!"

त्याला ऐकू गेलं असेल, नसेल. तो वर चढत होता आणि जाळ त्याच्यापेक्षा लवकर चढत होता. गीतांजली जागची हलली नाही. पुढं कधी विचारलं तर ती हे लपवत नाही. त्या क्षणी तिला पळायचं होतं, खाली, रस्त्याकडं.  समोर एक माणूस चुकीच्या बाजूला पळत होता आणि ती परत बांधावर दावं धरून उभी होती.

मग ती धावली. काळ्यातून, वरच्या टोकापर्यंत, जिथं जळालेला पट्टा संपत होता. बुटांखाली राख अजून गरम होती. तिथून उभ्या गवतात शिरायचं होतं. ती शिरली. ग्यानोबा धुरात खोकत गुडघ्यावर आला होता. तिनं त्याचा हात धरला आणि मागं ओढला.

त्यानं हात सोडवून घेतला. "तिकडं आग हाय, मॅडम! मेलो ना!"

"तिकडचं जळून गेलंय! गवतच न्हाई तिथं. माझ्यासंगं चला!"

"न्हाई, न्हाई..."

तिनं त्याच्या सदऱ्याची कॉलर दोन्ही हातांनी धरली आणि माणूस नाही, गोऱ्हा असल्यासारखं त्याला ओढलं. मधे गुडघ्याएवढ्या जाळाची एक ओळ होती. ती ओलांडताना तापल्या तव्यावर तोंड धरल्यासारखं झालं. दोन ढांगा. मग पायाखाली राख आली आणि पलीकडं काहीच पेटलेलं नव्हतं. ग्यानोबा बसला आणि ओरडायला लागला. त्याची पँट टेरिकॉटची होती. ती पोटरीला चिकटली होती. तिनं सगळ्यांचे सदरे तपासले होते. पँटी तपासायचं सुचलंच नव्हतं.

वरचा जाळ मजुरांनी ब्लोअरचा वारा मारून, झाड्यांनी झोडपून आटोक्यात आणला. रोपांचा एक कोपरा गेला. ग्यानोबाला जीपमधून दवाखान्यात नेलं, तिथून नांदेडला. परीक्षक तिच्याजवळ आले.

"आता काय करणार? अर्धा पट्टा राहिलाय."

"बंद, सर. ऊन पळसाला कधीच लागलं. मी आधीच बंद करायला पाहिजे होतं."

"हो," ते म्हणाले.  प्रमाणपत्र मिळालं नाही. चौकशी झाली, तिनं जे झालं ते सांगितलं, आणि हिवाळा संपला.

ग्यानोबाच्या घरी ती गेली तेव्हा त्याची बायको पंचफुलाबाई दारातच उभी राहिली, आत या म्हणाली नाही. "तुमच्यामुळं वाचला म्हनत्यात लोकं," ती म्हणाली, "आन तुमच्यामुळंच जळला बी. मी काय म्हनू?"

 आतून ग्यानोबानं हाक मारली, "येऊ दे की मॅडमला." गीतांजलीनं त्याचा बांधलेला पाय बघितला, चहा घेतला आणि परत आली. 

उन्हाळ्यात ती माहेरी गेली. गुणाबाई अंगणात चिंचा फोडत बसली होती, मान एका अंगाला. गीतांजली तिच्याजवळ बसली आणि इतक्या वर्षांत कधी न विचारलेलं विचारलं.

"काकी, तू त्या दिवशी उसात का शिरलीस?"

गुणाबाईचा हात थांबला नाही. चिंच फुटली, चिंचोका बाजूला पडला. "हिरवं दिसलं गं. मागं समदं काळंकाळं, धूर. म्हनलं हिरव्यात गार आसंल." मग ती हसली. "मला काय म्हाईत, बुडाला समदं वाळल्यालं पाचटच हुतं ते."

"मागचं काळंच बरं होतं, काकी."

"आसंल. तवा सांगाया कोन हुतं?"

गीतांजलीला रडू आलं. गुणाबाईनं चिंचेच्या हातानंच तिचं डोकं जवळ घेतलं, आणि केसात चिंच लागली म्हणून तिलाच रागे भरली.

पुढच्या हिवाळ्यात तिचं नाव तिसऱ्यांदा परीक्षेला गेलं. ते तिनं स्वतः दिलं होतं. दयानंदनं विचारलं, "भ्या गेलं का?"

"न्हाई. उलट वाढलंय. आता कशाकशाला भ्यायचं ते कळून राहिलंय."

त्या दिवशी तिनं प्रत्येक माणसाला आपापल्या जागेवर नेऊन उभं केलं. जाळ आला तर कुठं जाल, हात करून दाखवा. दोघांनी गवताकडं हात केला. तिनं त्यांना धरून काळ्याच्या बाजूला वळवलं आणि परत दाखवायला लावलं. पँटी चिमटीत धरून बघितल्या. एकाला घरी पाठवलं, तो चिडला. वाऱ्याचा आकडा मोठ्यानं सांगितला, उन्हाची खूण सांगितली. सुरुवातीला मशाल तिनं स्वतः धरली. तेलाचा पहिला थेंब वाकडा पडला.

जाळ रांगत गेला. मागं काळं होत गेलं. पट्ट्याचा शेवटचा तुकडा उरला तेव्हा उन्हानं खूण गाठली, आणि तिनं हात वर करून बंद केलं. मजूर म्हणाले, "एवढंसं तर राहिलंय, मॅडम." ती म्हणाली, "उद्या." सगळे निवांत घरी गेले. कुणाला ओरखडाही आला नाही. सांगण्यासारखं काही घडलंच नाही. मजूर पांगल्यावर ती जीपच्या मागं गेली, वाकली आणि सकाळपासून पोटात होतं नव्हतं ते सगळं ओकून टाकलं. परीक्षकांनी पाण्याची बाटली पुढं केली आणि तोंड दुसरीकडं फिरवून उभे राहिले.

प्रमाणपत्र नांदेडच्या एका सभागृहात मिळालं, सहाजणांचा मिळून एक फोटो निघाला. विरूपाक्ष सरांनी फोनवर फक्त विचारलं, "उरलेला तुकडा जाळलास का?" ती हो म्हणाली. त्यांनी फोन ठेवला.

आता हिवाळा आला की शेजारच्या तालुक्यांतूनही तिला बोलावतात. काही जण तिला सावध म्हणतात, काही जण भित्री. ती दोन्ही ऐकून घेते. ठरलेली खूण आली की ती थांबते, आणि राहिलेल्या तुकड्यासाठी दुसऱ्या दिवशी परत जावं लागलं तरी जाते. त्याबद्दल साहेबांची बोलणी तिनं दोनदा खाल्ली आहेत.

ग्यानोबाचा पाय बरा झाला, पोटरी मात्र आखडली. गेल्या हिवाळ्यात तिनं त्याला विचारलं, वरच्या कडेला उभं राहणार का, तुमच्याएवढा जाणता माणूस दुसरा न्हाई.

"नको, मॅडम," तो म्हणाला. "रोपवाटिकेत पानी घालायचं काम आसंल तर द्या. ते करतो."

तिनं ते दिलं. आता तो सकाळी पाइप धरून रोपांच्या वाफ्यांतून लंगडत फिरतो, आणि टेकडीवर धूर दिसला की तो विरेपर्यंत त्याच्याकडं बघत उभा राहतो, पाणी एकाच वाफ्यात वाहत असतं.